चोथ्याचा कोळसा

अविनाशराव पेठकरांना राग येतो आणि तो योग्य कारणासाठीच येतो, हे आधीच मान्य करून टाकू. नाहीतर ही गोष्ट पुढे सरकायची नाही. ते स्वतःच मध्ये येऊन भांडत बसतील. आता तुम्हीच सांगा, बँकेत चीफ मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस सकाळी अंघोळीला बसतो, तर बादलीतलं पाणी पिवळं, त्याला ऑइलपेंटच्या डब्याचा वास, आणि साबण कितीही घासला तरी फेसाचं नाव नाही. अशा वेळी माणसाने काय भूपाळी म्हणावी?

सुरतेतल्या डिंडोलीच्या त्यांच्या रो-हाउस सोसायटीच्या बोअरला पावसाळ्यापासून हेच पाणी येत होतं. महानगरपालिकेचं पाणी सकाळी थोडा वेळ यायचं, ते पिण्यात आणि स्वयंपाकात संपायचं. बाकी सगळा संसार बोअरवर. अविनाशरावांनी ऑनलाइन तक्रार केली. संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला, ‘आपनी फरियादनो निकाल थई गयो छे.’ बादलीत पाहिलं, तर निकाल पिवळाच होता. त्यांनी पुन्हा तक्रार केली, पुन्हा निकाल लागला. मग ते सोसायटीचा सेक्रेटरी योगराज याच्याकडे गेले. योगराज झोपाळ्यावर बसून मोबाइलवर गरब्याच्या स्टेजचे फोटो बघत होता.

“साहेब, तुम्हाला काय प्यायचंय का ते?” तो मान वर न करता म्हणाला. “अंघोळीपुरतं तर पाहिजे. चलावी लो ना.”

चलावी लो, म्हणजे चालवून घ्या! या दोन शब्दांवर आपला अर्धा देश चालला आहे, आणि तसाच चालला आहे. अविनाशराव तिथून निघाले ते थेट गच्चीवर जाऊन उभे राहिले. राग आला की ते गच्चीवर जातात. उषाताई सांगतात की लग्नानंतर त्यांनी घर बघताना आधी गच्ची पाहिली होती.

पाण्यावर सल्ले द्यायला मात्र सगळी सोसायटी पुढे. शेजारचे लोटूभाऊ, कापडाच्या एका प्रोसेस मिलच्या फोल्डिंग खात्यातले मुकादम, म्हणाले, “साहेब, तुरटी फिरवा. आमच्या धरणगावला आख्खी विहीर तुरटीवर चालायची.” त्यांची बायको सुभद्राबाई म्हणाली, “शेवगाना बिया टाका पानीमा.” पलीकडच्या मंदाबाईंनी नळाला लोहचुंबक बांधायला सांगितलं, कारण त्यांच्या जावयाने बांधलं होतं. जावयाचं पाणी स्वच्छ झालं का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “पाण्याचं माहीत नाही, पण त्याची बदली झाली.” पाण्याच्या बाबतीत आपल्याकडे प्रत्येकजण तज्ज्ञ आहे, फक्त स्वच्छ पाणी कोणाकडे नाही.

अशा संतापाच्या भरात अविनाशरावांना तो व्हिडिओ दिसला. एक चष्मेवाला तरुण सांगत होता की उसाचा चोथा, नारळाच्या करवंट्या, शेंगांची टरफलं अशा जैविक कचऱ्यापासून घरच्या घरी पाणी शुद्ध करणारा कोळसा करता येतो. चोथा वाळवायचा, जस्ताच्या एका क्षारात भिजवायचा, बंद डब्यात जाळायचा. कोळशाला न दिसणारी लाखो भोकं पडतात आणि रंग, वास, घाण सगळं त्यांत अडकतं. तो पुढे आणखी काही सांगणार, इतक्यात मध्ये एका बिल्डरची जाहिरात आली. ‘झऱ्यासारख्या निर्मळ पाण्याची चोवीस तास सोय,’ असं ती बाई म्हणाली आणि अविनाशरावांनी मोबाइल सोफ्यावर आपटला. व्हिडिओ तेवढ्यावरच राहिला. पण कृती तर समजली होती.

चोथ्याला तोटा नव्हता. कोपऱ्यावर भटूचा उसाच्या रसाचा गाडा होता. तो रोज चोथ्याचा ढीग गाईंसमोर टाकायचा. साहेब स्वतः गोणी घेऊन चोथा मागायला आले, तेव्हा त्याने भीत भीत विचारलं, “साहेब, पेन्शन बंद पडी का?” हा घाव अविनाशरावांनी गिळला. विज्ञानाच्या वाटेवर असले अपमान व्हायचेच.

भादव्याच्या उन्हात गच्चीवर चोथा वाळला. मुंग्यांनी त्याचा समाचार घेतला, मग मुंग्या घरात उतरल्या आणि उषाताईंनी अविनाशरावांचा समाचार घेतला. उषाताई पालिकेच्या मराठी शाळेत शिकवतात, त्यामुळे त्या घरातही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलतात. रिंग रोडमागच्या गल्लीतून ती जस्ताची पावडर आली. दुकानदाराने डाइंगसाठी हवी की गॅल्वनायझिंगसाठी, एवढंच विचारलं. “पाणी शुद्ध करायला,” असं म्हटल्यावर त्याने पुड्याला आणखी एक पिशवी घातली.

मग एका रविवारी मागच्या अंगणात तेलाचा पत्र्याचा डबा चुलीवर चढला. धूर असा निघाला की समोरच्या रांगेतल्या लोकांनी खिडक्या लावल्या आणि लोटूभाऊंची सून ज्योती धावत जाऊन दोरीवरचे कपडे काढू लागली. तिचा नवरा चेतन कतारगामला हिऱ्याच्या ऑफिसात कामाला. त्याचे पांढरे शर्ट करडे झाले. पण भिंतीवरून डोकावून ज्योतीने विचारलं, “काका, पाणी मारू का? तुमची भुवई जळतेय.” जळत होतीच.

संध्याकाळी योगराजने सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस टाकली, ‘कॉमन एरियामा धुमाडो करवो नहीं.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. अविनाशरावांनी त्याला पानभर उत्तर लिहिलं. त्यात बोअर, घटनेतला जगण्याचा हक्क आणि योगराजचा झोपाळा या तिन्हींचा उल्लेख होता. त्यावर एकही अंगठा आला नाही. त्या दिवसापासून त्यांनी योगराजशी बोलणं टाकलं.

कोळसा मात्र झाला. काळा, हलका, हातात खरखरणारा. त्यांनी तो दोनदा धुतला. तिसऱ्यांदा धुवायला पालिकेचं पाणीच उरलं नव्हतं. कोळसा धुवायला स्वच्छ पाणी हवं आणि स्वच्छ पाण्यासाठी कोळसा हवा, या पेचावर ते काही वेळ बोअरला शिव्या देत बसले.

“वापरायच्या आधी तपासून घ्या,” उषाताई म्हणाल्या. “त्यात ती पावडर होती.”

“उसाचा चोथा आहे, उषा. जैविक कचरा. गाई खातात.”

“गाईंना जाळून, पावडर लावून कोण देतं?”

मूठभर कोळसा पुडीत बांधून ते रागाने तपासणीला गेले. सरकारी प्रयोगशाळेच्या खिडकीत एक साहेब नाश्त्याचा खमण खात होता. अर्जावर चार रकाने होते: अन्न, औषध, खत, रसायन. अविनाशरावांचा कोळसा एकातही बसेना.

“शेमांथी बनाव्युं छे?” साहेबाने विचारलं.

“उसाच्या चोथ्यापासून.”

“तो तो कुदरती कहेवाय. कुदरती वस्तुमां टेस्ट शेनो, साहेब?” आणि त्याने खमणाचा कागद अर्जावर ठेवला.

अविनाशराव त्याच्यावर ओरडले. देशाचं वाटोळं तुमच्यामुळे झालं, असंही म्हणाले. पण घरी येईपर्यंत त्यांच्या मनात त्या वाक्याचा वेगळाच अर्थ तयार झाला. “सरकारने सांगितलंय,” त्यांनी उषाताईंना ठणकावलं, “की याला तपासणीची गरजच नाही.” ज्या माणसाला आपण गाढव म्हटलं, त्याचंच प्रमाणपत्र खिशात घालून घरी यायचं, हे फक्त निवृत्त अधिकाऱ्यालाच जमतं.

तरीही उषाताईंनी एक अट घातलीच. या पाण्याचा थेंब कोणाच्या पोटात जाणार नाही. ते मान्य झालं.

वाळू, कोळसा, गोटे असे थर भरलेला निळा पिंप अंगणात उभा राहिला. वरून पिवळं पाणी ओतलं आणि खालच्या तोटीतून जे आलं ते बघून लोटूभाऊंनी हात जोडले. पाणी काचेसारखं आलं. वास गेलेला. अविनाशराव हात मागे बांधून उभे राहिले, आणि जळक्या भुवईखालचा तो चेहरा असा काही दिसत होता की मंदाबाईंनी त्यांना नमस्कार केला.

आणि दुसऱ्याच दिवशी घटस्थापना आली.

प्यायचं नाही, पण देवाला चालेल ना? बायका कळशा घेऊन अंगणात आल्या. देवाच्या परडीतल्या मातीला, गव्हाला, घटाला याहून शुद्ध पाणी डिंडोलीत कुठे मिळणार? अविनाशराव स्वतः तोटी सोडत होते. योगराजने गरब्याच्या मंडपातल्या जवारांसाठी, म्हणजे देवीपुढे पेरलेल्या गव्हासाठी, वॉचमनला बादली देऊन पाठवलं, तेव्हा मात्र त्यांनी तोटी बंद केली. “धुराची नोटीस काढणाऱ्याला थेंब मिळणार नाही. सांग तुझ्या सेक्रेटरीला, चलावी लो म्हणावं!” वॉचमन गेला आणि मंडपातल्या जवारांना बोअरचं पिवळं पाणी घालू लागला.

लोटूभाऊंच्या घरी यंदा पहिल्यांदाच ज्योतीच्या हाताने घट बसले. सुभद्राबाईंचे गुडघे धरले होते म्हणून, आणि दुसरंही एक कारण होतं. लग्न होऊन बरीच वर्षं झाली, घरात पाळणा हलला नव्हता. सुनेने देवीची सेवा करावी, देवी ऐकेल, असं सुभद्राबाईंनी ठरवलं होतं. ज्योती उपास धरून होती. सकाळ-संध्याकाळ अविनाशरावांच्या तोटीवर तांब्या भरून न्यायची.

तिसऱ्या माळेला कोंब दिसायला हवे होते. दिसले नाहीत. चौथ्या माळेलाही माती काळी ती काळीच. पाचवी माळ चढली आणि सोसायटीत एक चमत्कार घडला: कोणीच कोणाच्या घरी घट बघायला जाईना. एरवी या दिवसांत बायका एकमेकींकडे हळदी-कुंकवाच्या निमित्ताने जाऊन कोंब बोटांनी मोजतात. यंदा प्रत्येक परडीवर रुमाल. ज्याला विचारावं तो म्हणे, छान आलंय, अगदी दाट. आपल्याच घरावर देवीचा कोप झाला, असं प्रत्येकाला वाटत होतं आणि प्रत्येकजण ते झाकत होता. मंडपातले जवारे मात्र बोटभर वाढले होते आणि योगराज त्यांच्याशेजारी उभा राहून सेल्फी काढत होता.

पेठकरांच्या देवघरातही मातीच होती. उषाताईंनी दोन बशांत ओला कापूस ठेवला, दोन्हींत गहू पसरले. एका बशीला बोअरचं पाणी, दुसरीला पिंपाचं.

दोन दिवसांत बोअरच्या बशीतल्या गव्हांना पांढरी मुळं फुटली. पिंपाच्या बशीतले गहू फुगून तसेच पडले होते. उषाताईंनी मोबाइलवर तो व्हिडिओ लावला, बिल्डरची जाहिरात शांतपणे होऊ दिली आणि पुढचा भाग नवऱ्याच्या कानाशी धरला. चष्मेवाला तरुण सांगत होता, “सर्वांत महत्त्वाचं म्हणजे धुणं. जस्त पूर्ण निघेपर्यंत धुवा, पाणी तपासा. नाहीतर हा कोळसा पाण्यातून घाण काढेल आणि स्वतःचं विष त्यात सोडेल. आणि धुतलेलं पाणीही उघड्यावर टाकू नका.”

अविनाशराव भयंकर चिडले. त्या तरुणावर, जाहिरातीवर, गव्हावर, जस्तावर, सर्वांत जास्त त्या खमणवाल्यावर. चिडून झाल्यावर मात्र त्यांनी जे केलं ते चीफ मॅनेजरला शोभणारं नव्हतं. त्यांनी पिंप रिकामा केला, कोळसा दोन गोण्यांत भरला आणि कोणी बघायच्या आत कचऱ्याच्या गाडीकडे निघाले. पुरावा गेला की प्रकरण मिटलं, असा त्यांचा विचार.

गाडीवाल्याने गोणीत डोकावलं. “आ सूको के भीनो?”

“सुका. म्हणजे, उसाचा चोथा. म्हणजे ओला म्हण.”

“काळो छे. केमिकल छे. नहीं चाले.” आणि गाडी गाणं वाजवत निघून गेली. आख्ख्या सुरतेत त्यांच्या कोळशावर शंका घेणारा एकच माणूस भेटला, आणि तो नेमका आत्ता भेटला!

गोण्या ओढत परत येताना त्यांना लोटूभाऊंच्या घरातून सुभद्राबाईंचा आवाज आला.

“तुन्हा हातच असा शे! आठ दिन व्हवाले उनात, एक दाना उगना नही. देवी तुले देखीसन तोंड फिराई लेस. दसरा व्हवू दे, तुन्हा बापले बलावस. लई जाय म्हनस तुन्ही पोरले.”

मध्ये ज्योती नुसतं नाक ओढत होती. लोटूभाऊ म्हणत होते, “हळू बोल व, शेजारी साहेब शेतस.”

अविनाशरावांच्या हातातून गोण्या सुटल्या. आजवर त्यांना आलेले सगळे राग या रागापुढे काहीच नव्हते. माझ्या पाण्यामुळे त्या पोरीला घराबाहेर काढतात? भुवई जळते म्हणून जिने पाणी विचारलं, तिला? ते तसेच, कोळशाच्या काळ्या हातांनी, त्यांच्या घरात घुसले.

“सुभद्राबाई, तिचा काही दोष नाही! माझं पाणी विषारी आहे. त्यात जस्त उतरलंय. त्याने गहू मेला!”

सुभद्राबाईंनी डोळ्याला पदर लावला. “साहेब, तुम्ही देवमानूस शेतस. पोरना करता सोतावर लई लिधं.”

“अहो, वर कुठे घेतोय, आहेच माझ्यावर!”

“साहेब, मन मोठं तुमचं,” लोटूभाऊ भारावून म्हणाले. “पण इतलं काचसारखं पाणी विषारी कसं राहील? उसाचंच तर शे.”

अविनाशरावांनी घरून बशा आणून दाखवल्या. सुभद्राबाई म्हणाल्या, उषाताईंनी बशीत गहू घातले तेव्हा सोवळ्यात नव्हत्या. मग साहेबांनी जस्ताची पुडी दाखवली. लोटूभाऊ म्हणाले, हे तर जखमेच्या मलमात असतं. आयुष्यभर अविनाशरावांनी आपण निर्दोष असल्याचं ओरडून सांगितलं आणि कोणी ऐकलं नाही. आता गुन्हा कबूल करतायत, तर सगळे त्यांच्या बाजूने उभे! चेतन तेवढ्यात कामावरून आला आणि त्याने विषय समजून घेत त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. ज्योती दारामागे उभी होती. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि पुन्हा मान खाली घातली. ते बघून अविनाशरावांनी ग्लास तसाच खाली ठेवला.

संध्याकाळी मंडपात आरती झाली. गरबा सुरू होण्याआधी योगराज माइकवर जवारांबद्दल बोलू लागला. श्रद्धेने केलं की देवी कशी प्रसन्न होते, वगैरे. अविनाशरावांनी माइक त्याच्या हातातून काढून घेतला.

“ही श्रद्धा नाही, हे बोअरचं पाणी आहे!” ते गरजले. “माझं पाणी घातलं ते सगळे घट मेलेत. मी माणसांची वस्ती असलेल्या जागी न तपासलेला कोळसा जाळला, धुतला, त्याचं पाणी गटारीत सोडलं आणि त्यातून गाळलेलं पाणी तुमच्या देवाला घातलं. कोणाचा घट उगवलाय? हात वर करा!”

कोणीच हात वर केला नाही. पण आपला घट उगवला नाही असंही कोणी म्हणेना. योगराज कुजबुजला, “साहेब, डीजेचे पैसे चालू आहेत.” पुढच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं कार्यक्रम आहे. ज्योती बायकांच्या मागे भिंतीला टेकून उभी होती, आणि सुभद्राबाई तिच्यापासून चार हात दूर.

तेव्हा उषाताई आल्या. त्यांच्या दोन्ही हातांत परडी होती. काळी माती, वर घट, नारळ, माळा, सगळं तसंच. बायकांच्या तोंडातून एकदम “अगं बाई!” निघालं. दसऱ्याआधी घट हलवायचा नसतो, हे डिंडोलीतल्या लहान पोरालाही माहीत असतं. उषाताईंनी परडी जवारांच्या शेजारी टेबलावर ठेवली आणि वर्गात बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, “बघा सगळ्यांनी. एक कोंब नाही. बत्तीस वर्षं घट बसवतेय. माझ्याही हाताला दोष आहे का?”

मागून मंदाबाईंचा बारीक आवाज आला. “आमचाही नाही उगवला हो.” मग कोणी म्हणालं, आमचाही. मग तिची शेजारीण, मग समोरची पूर्ण रांग. घराघरांत झाकलेल्या परड्यांवरचे रुमाल जणू भराभर निघाले आणि प्रत्येकीने शेजारणीकडे असं पाहिलं की, अगं, तू पण?

आणि मग त्यांना राग आला. खरा, एकत्र, सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदा. बायकांनी अविनाशरावांना घेरलं. देवाच्या घटाशी खेळलात? शिकलेले ना तुम्ही? आमच्या पोरांनी प्यायलं असतं म्हणजे? योगराजला तर बोलायला जागाच उरली नाही. अविनाशराव उभे होते. इतके लोक एकाच वेळी त्यांचं म्हणणं मान्य करत असल्याचा हा पहिलाच प्रसंग.

सुभद्राबाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. गुडघे विसरून आल्या. मागे वळून त्यांनी ज्योतीचं मनगट धरलं, तिला ओढत पुढे आणलं आणि अविनाशरावांच्या तोंडासमोर बोट नाचवत ओरडल्या, “मन्ही सूनना डोयास्मा पानी आनं तुम्हीन! मन्ही लक्ष्मीसारखी पोर! आठ दिन पोटमा अन्न नही तिन्हा! कोनी रडाडं तिले? तुम्हीन!”

अविनाशरावांचं डोकं भडकलं. तिला कोणी रडवलं? मी की तुम्ही? भिंतीला कान लावायची गरज नव्हती बाई, आख्ख्या गल्लीला ऐकू येत होतं! वाक्य जिभेवर तयार होतं. बिनतोड होतं. साक्षीला लोटूभाऊ उभे होते. आयुष्यात इतका पक्का मुद्दा त्यांच्या हाती कधी लागला नव्हता, आणि ऐकायला सगळी सोसायटी हजर होती.

सुभद्राबाईंनी सुनेचं मनगट सोडलं नव्हतं. ज्योतीने दुसऱ्या हाताने डोळे पुसले आणि ती सासूच्या अंगाला लागून उभी राहिली.

“चुकलं माझं, सुभद्राबाई,” अविनाशराव म्हणाले. “मीच रडवलं तिला.”